मेक्सिकोतून एकटीने सायकलप्रवास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या सीमेवरील तिहुआनापासून ग्वातेमालाच्या सीमेपर्यंत मी एकटीने सायकलवर प्रवास केला. परतल्यावर पुण्यातील सायकलस्वार मैत्रिणींनी, नातेवाइकांनी आणि कितीतरी अनोळखी लोकांनी जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारले, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रेक्षणीय स्थळांची माहिती इतरत्र भरपूर मिळते, म्हणून येथे भर आहे तो रोजच्या जगण्यावर: पाणी, जेवण, सावली आणि रात्रीचा निवारा.

प्रवासाचा मार्ग कोणता होता आणि त्याला किती दिवस लागले?

मी नोव्हेंबरच्या मध्यावर तिहुआनाहून निघाले आणि एप्रिलच्या सुरुवातीला ग्वातेमालाच्या सीमेवर पोहोचले. एकूण अंतर सुमारे ४,००० किलोमीटर भरले. बाहा कालिफोर्नियाचा लांबलचक द्वीपकल्प उतरून ला पाझ, तेथून रात्रीच्या फेरीबोटीने समुद्र ओलांडून मासात्लान, मग तेपिक, ग्वादालाहारा, लेओन, ग्वानाह्वातो, मेक्सिको शहर, पुएब्ला, वाहाका, तेवान्तेपेकची संयोगभूमी आणि शेवटी चियापासचे डोंगर, असा क्रम होता. यातले जवळजवळ निम्मे दिवस मी सायकलवर नव्हते, कारण शहरांमध्ये आणि कधी एखाद्या लहान गावातही मी मनसोक्त मुक्काम केला. सायकल चालवण्याच्या दिवशी साठ-सत्तर किलोमीटर होत असत. त्याहून जास्त अंतराचा हट्ट धरला की संध्याकाळी लोकांशी बोलण्याचेही त्राण उरत नाही, आणि या प्रवासात बोलण्यावाचून काहीच चालत नाही.

बाहात मी डांबरी महामार्ग धरला. १९७३ साली पूर्ण झालेला हा रस्ता द्वीपकल्पाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो. ज्यांना मातीच्या वाटा आवडतात त्यांच्यासाठी २०१६ साली प्रसिद्ध झालेला ‘बाहा डिव्हाइड’ हा सुमारे २,७०० किलोमीटरचा मार्ग आहे. मात्र त्याला रुंद टायर आणि बराच अधिक वेळ लागतो.

भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो का?

लागतो. मात्र अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेन देशांचा वैध व्हिसा जवळ असल्यास मेक्सिकोचा वेगळा व्हिसा घ्यावा लागत नाही. पर्यटक म्हणून जास्तीत जास्त १८० दिवस राहता येते, परंतु नेमके किती दिवस द्यायचे हे सीमेवरचा अधिकारी ठरवतो. सायकलवर असल्याचे आणि मार्गाचे नीट सांगितले, तर तो पुरेसे दिवस लिहून देण्याची शक्यता वाढते. पायी किंवा सायकलने सीमा ओलांडताना आपणहून इमिग्रेशनच्या कार्यालयात जाऊन शिक्का घ्यावा, कारण तेथे तुम्हाला कोणी थांबवेलच असे नाही. नियम बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी दूतावासाकडून खात्री करून घ्यावी.

दिवस कसा जातो?

दिवस उजाडण्यापूर्वी सुरू होतो. साडेपाचला उठून तंबूतच चहा ठेवायचा, कारण पुढे दिवसभर चहा मिळत नाही. मागितलाच तर बहुतेक ठिकाणी कॅमोमाइलच्या फुलांची पुडी घातलेले गरम पाणी समोर येते. चहाची पूड मी पुण्याहून नेली होती आणि ती ग्वादालाहारापर्यंत पुरवली. तंबूवरचे दव पुसून, सामान ठरलेल्या जागी बांधून सातच्या सुमारास रस्त्याला लागले की दहा-साडेदहापर्यंतचे तीन तास सर्वांत चांगले जातात. मग रस्त्याकडेच्या खानावळीत पोटभर न्याहारी होते. दुपारी एक ते तीन सावलीत काढायचे आणि चारच्या ठोक्याला, पाय कितीही चालत असले तरी, रात्रीच्या जागेचा शोध सुरू करायचा. डिसेंबरात उत्तर बाहामध्ये सूर्य पाचच्या आधीच मावळतो. पुढे २८ व्या अक्षांशावर, गेर्रेरो नेग्रो गावाच्या वेशीवर, राज्य बदलते आणि घड्याळ एक तास पुढे करावे लागते. त्या दिवशी संध्याकाळ एकदम लांबल्यासारखी वाटली आणि मी वेड्यासारखी खूश झाले.

संध्याकाळी धुण्याचे काम असते. दोन जोड कपडे असतात, त्यांतला एक रोज धुतला जातो आणि दुसऱ्या दिवशी मागच्या कॅरिअरवर वाळत असतो. मग हिशेब, नकाशा, घरी निरोप. आठ वाजता झोप.

वाळवंटात पाण्याची सोय कशी होते?

बाहातला सर्वांत कोरडा टप्पा म्हणजे एल रोसारियो ते गेर्रेरो नेग्रो, साधारण साडेतीनशे किलोमीटर. या टप्प्यात जवळजवळ शेवटापर्यंत पेट्रोलपंपसुद्धा नाही. मध्ये कातावीन्या येथे पेट्रोल पिंपांतून विकले जाते. एल रोसारियोहून निघताना मी नऊ लिटर पाणी घेतले होते. सायकल इतकी जड झाली की गावाबाहेरचा पहिला चढ मला ढकलत चढावा लागला, पण त्यातला एकही लिटर कमी करावा असे मी आजही सांगणार नाही. तीस-चाळीस किलोमीटरवर एखादे घर, एखादी खानावळ भेटते, मात्र ती त्या दिवशी उघडी असेलच याचा भरवसा नसतो.

मेक्सिकोत नळाचे पाणी पीत नाहीत. घरोघरी वीस लिटरचा मोठा जार असतो, त्याला गार्राफोन म्हणतात, आणि गावोगावी शुद्ध पाणी भरून देणारी दुकाने असतात. तेथे आपल्या बाटल्या दोन-चार पेसोंत भरून मिळतात, त्यामुळे सारखे प्लास्टिक विकत घेण्याची गरज नाही.

कातावीन्याच्या अलीकडे एका खानावळीत दुपारी पोहोचले तर चूल विझलेली होती. आतून एक आजी आल्या. जेवण नाही, पाणी आहे, असे त्यांनी सांगितले. जार तिरपा करायला त्यांना जोर पुरत नव्हता, म्हणून मी खालून हात लावला आणि त्यांनी माझ्या बाटल्यांच्या तोंडाशी कापडाचा तुकडा धरला, एक थेंब जमिनीवर पडू नये म्हणून. दुष्काळी भागातल्या माझ्या आजोळी घागर अशीच ओतली जात असे. पैसे घेण्यास त्यांनी नकार दिला; पुढच्या वळणावर वारा समोरून येईल, टोपी बांधून घे, एवढेच सांगितले. त्या भागातली उलट्या गाजरासारखी दिसणारी सिरिओची झाडे आणि घराएवढे गोल धोंडे सर्वजण पाहतात आणि ते पाहण्यासारखे आहेतच, पण मला कातावीन्या म्हटले की ते कापड आठवते.

लष्कराच्या तपासणी नाक्यांवर पिशव्या उघडून दाखवाव्या लागतात. तेथील जवान बहुधा विशीतले असतात. दोनदा त्यांनीच मला पाणी भरून दिले.

रस्ते कसे आहेत?

दोन शब्द पहिल्याच दिवशी शिकावे: ‘लिब्रे’ म्हणजे टोल नसलेला जुना रस्ता आणि ‘कुओता’ म्हणजे टोलचा नवा महामार्ग. लिब्रे गावांमधून जातो, त्यामुळे तेथे पाणी, जेवण आणि माणसे मिळतात. मात्र तो अरुंद असतो आणि त्याला कडेची पट्टी क्वचितच असते. कुओतावर सायकलला सहसा परवानगी नसते, तरी अनेक नाक्यांवर जाऊ देतात. मी शक्यतो लिब्रे धरला. गावाच्या वेशीवर ‘तोपे’ म्हणजे गतिरोधक हटकून असतो, आणि प्रत्येक तोपेपाशी काहीतरी विकणारे कोणीतरी उभे असते, हे सायकलस्वाराच्या दृष्टीने फार सोयीचे आहे.

चढांची तयारी मात्र मनापासून करावी. मेक्सिको शहर २,२४० मीटर उंचीवर आहे. तेथून पुएब्लाकडे जाताना पोपोकातेपेत्ल आणि इस्ताक्सिवात्ल या दोन पर्वतांमधला पासो दे कोर्तेस हा घाट ३,६०० मीटरहून उंच आहे, आणि त्याच्या पुएब्लाकडच्या उताराला डांबर नसून ज्वालामुखीची राखाडी वाळू आहे. पोपोकातेपेत्ल जागृत असल्याने रस्ता खुला आहे की नाही हे आदल्या दिवशी विचारावे. चियापा दे कोर्सोहून सान क्रिस्तोबालला जाताना सुमारे १,७०० मीटर चढावे लागते. मी तो चढ दोन दिवसांत वाटून घेतला.

वाऱ्याचे सांगायचे तर बाहात तो बहुतेक वायव्येकडून येतो, म्हणून उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणेच शहाणपणाचे आहे. तेवान्तेपेकच्या संयोगभूमीत ला बेन्तोसा नावाचे गाव आहे. नावाचाच अर्थ वाऱ्याची जागा, आणि आसपास पवनचक्क्यांच्या रांगा आहेत. हिवाळ्यात तेथे उत्तरेचा वारा रिकामे ट्रक उलथवतो. त्या दिवशी मी सायकल चालवली नाही. एका छोट्या ट्रकवाल्याला विनंती केली आणि सायकल मागे आडवी बांधून तो पट्टा पार केला.

रात्री कुठे झोपता?

विचारून. हे एका शब्दाचे उत्तर वाटेल, पण माझ्या मते संपूर्ण प्रवास याच एका शब्दावर चालतो. लपून तंबू ठोकण्यापेक्षा गावात जाऊन, टोपी काढून, नमस्कार करून ‘येथे तंबू लावायला परवानगी मिळेल का’ असे विचारणे केव्हाही चांगले. परवानगी दिली की त्या माणसाला तुमची जबाबदारी वाटते, आणि मग रात्री कुत्रे भुंकले तरी कोणीतरी बॅटरी घेऊन बाहेर येते.

बाहात खानावळींच्या मागे आणि बाईआ कॉन्सेप्सिओनच्या किनाऱ्यावर झावळ्यांच्या छपराखाली झोपले. मोठ्या गावांत अग्निशमन दलाच्या ठाण्यात चौकशी केल्यास अंगणात जागा आणि अंघोळीला पाणी मिळते. तेथील लोकांना सायकलस्वारांची सवय आहे. शहरांत ‘वॉर्मशॉवर्स’ या सायकलस्वारांच्या आतिथ्य-जाळ्यातून घरे मिळाली. आठवड्यातून एकदा मात्र साध्या हॉटेलात खोली घ्यावी, कारण दार आतून लावून झोपण्याची विश्रांती वेगळीच असते.

वाहाकाच्या डोंगरातली पद्धत मला सर्वांत आवडली. तेथील अनेक गावांत कारभार ग्रामस्थच पाळीपाळीने आणि बहुधा विनामोबदला करतात. सर्वांत धाकट्या सेवकांना ‘तोपिल’ म्हणतात. एका संध्याकाळी अशाच एका गावात पोहोचले, तर सतरा-अठरा वर्षांचा तोपिल किल्ल्यांचा जुडगा घेऊन आला. त्याने गावकचेरीची खोली उघडली, कोपऱ्यातले खुर्च्यांचे ढीग हलवले, जमीन झाडली आणि पाम वृक्षाच्या पानांची चटई अंथरून दिली. मग बराच वेळ तो दारात बसून सायकलचे गिअर खाली-वर करून पाहत राहिला. पहाटे साडेपाचला गावच्या कर्ण्यावरून कोणाच्या तरी घरी तामाले, म्हणजे मक्याच्या पिठाचे वाफवलेले पुडे, तयार असल्याची घोषणा झाली, आणि मी पातेले घेऊन रांगेत उभी राहिले.

शाकाहारी माणसाचे जेवणाचे हाल होतात का?

हाल होत नाहीत, परंतु सावध राहावे लागते. ‘मांस नको’ एवढेच सांगितले तर कोंबडी वाढली जाण्याची शक्यता असते, कारण बोलीभाषेत मांस म्हणजे मुख्यतः गाईचे किंवा डुकराचे. शिजवलेल्या घेवड्यात अनेकदा डुकराची चरबी असते. ‘मान्तेका’ हा शब्द लक्षात ठेवून तो स्पष्ट विचारावा. ज्यांचा नियम अगदी कडक आहे त्यांनी स्टोव्ह जवळ बाळगावा.

त्यानंतर मात्र ताट आपल्या ओळखीचे निघते. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजवून, दळून तोर्तिया, म्हणजे पातळ पोळ्या, करतात. त्यामुळे पीठ वळते होते आणि धान्याची पौष्टिकताही वाढते. गावोगावी तोर्तियाची दुकाने असतात, तेथे किलोवर तोर्तिया मिळते. माझ्या प्रवासात किलोला वीस-पंचवीस पेसो पडत आणि अर्धा किलो मला दिवसभर पुरत असे. कागदात गुंडाळलेले ते गरम पुडके मी पोटाशी धरून चालत असे, आणि भाकरीचा वास येई, अगदी तसाच नाही, पण जवळचा. फड्या निवडुंगाची कोवळी पाने काटे काढून भाजतात, त्याला नोपाल म्हणतात. भोपळ्याची फुले भरून दुमडलेली तोर्तिया, केसादिया, मिळते. लाल अंबाडीच्या बोंडांचे आंबटगोड सरबत ‘हामायका’ या नावाने जवळजवळ प्रत्येक खानावळीत असते, चिंचेचेही असते. राजगिऱ्याची वडी तर थेट आपलीच: राजगिरा हे मूळचे तिकडचे धान्य, आणि वडीला ते ‘अलेग्रिया’ म्हणजे आनंद म्हणतात. खिशात दोन वड्या असल्या की घाट चढून होतो. चिकूही मूळचा मेक्सिकोचा आणि त्याचे नावही तेथल्या नाहुआत्ल भाषेतून आलेले आहे. वाहाकाच्या बाजारात मी चिकू मागितला तेव्हा बाईंना माझा उच्चार नीट कळला, हे मी घरी फोन करून सांगितले.

दुपारचे ठरलेले जेवण, ‘कोमिदा कोरिदा’, म्हणजे सूप, भात, एक मुख्य पदार्थ, तोर्तिया आणि सरबत, साधारण शंभराच्या आसपास पेसोंत होत असे. शेजारच्या टेबलावरून उठणारा माणूस ‘प्रोवेचो’, म्हणजे ‘सावकाश जेवा’ अशा अर्थाचे, म्हणून जातो, आपणही म्हणावे.

पंक्चर आणि दुरुस्तीचे काय?

बाहात पंक्चरचे मुख्य कारण म्हणजे गोखरू. आपल्याकडे माळरानावर जे सराटे पायात मोडतात तेच; तेथे त्यांना ‘तोरितो’ म्हणजे छोटा बैल म्हणतात. रस्ता सोडून तंबूच्या जागेकडे सायकल हातात धरूनसुद्धा नेली की टायरमध्ये पाच-सहा बसलेच. पहिल्या आठवड्यात नऊ पंक्चर काढल्यावर मी ट्यूबमध्ये भोक बुजवणारे द्रव भरले आणि सायकल खांद्यावर उचलून न्यायला शिकले.

प्रत्येक गावात ‘बुल्कानिसादोरा’ अशी पाटी असलेले टायरचे दुकान असते. ट्रकचे टायर काढणारा माणूस सायकलची ट्यूबही तितक्याच आस्थेने घमेल्यातल्या पाण्यात बुडवून पाहतो. स्पोक मात्र स्वतःचे न्यावे. तेपिकच्या चढावर माझे मागच्या चाकाचे दोन स्पोक तुटले. एका दुकानदाराने चुकीच्या लांबीचे बसवून दिले आणि तिसऱ्या दिवशी तेही गेले. त्यानंतर ग्वादालाहारात पूर्ण चाक नव्याने बांधून घेतले आणि योग्य लांबीचे सहा स्पोक सीटच्या नळीत ठेवले.

एकट्या बाईसाठी हे सुरक्षित आहे का?

हाच प्रश्न मेक्सिकोतल्या बायका मला रोज विचारत: भीती वाटत नाही का? वाटते, आणि ती ऐकावी. माझे काही नियम होते. अंधारात सायकल चालवायची नाही. आज कुठे आहे ते त्याच दिवशी समाजमाध्यमांवर टाकायचे नाही. पुढच्या टप्प्याची चौकशी खानावळ चालवणाऱ्या बाईकडे करायची, कारण कोणत्या रस्त्याने स्वतःच्या मुलीला पाठवावे हे तिला ठाऊक असते.

ग्वादालाहारा ज्या राज्यात आहे त्या हालिस्कोत एक गाडी दोनदा हळू होऊन माझ्या बाजूने गेली आणि पुढे जाऊन थांबली. मी उलट फिरून एका फळांच्या गाड्यापाशी गेले आणि तिथल्या ताईंना सांगितले. त्यांनी एकही प्रश्न न विचारता मला गाड्याच्या मागे स्टुलावर बसवले, हातात सुरी आणि हिकामाचा कंद दिला आणि सोलायला लावले. गाडी निघून गेली. मी तासभर सोलत बसले, मग त्यांच्या भावाने गाडीतून पुढच्या गावी पोहोचवले.

मोठ्या प्रश्नाकडेही डोळेझाक करू नये. गुन्हेगारी टोळ्यांचा संघर्ष खरा आहे आणि त्याचा नकाशा बदलत राहतो. मी सिनालोआतून निर्धास्त गेले, परंतु सप्टेंबर २०२४ पासून त्या राज्यात हिंसाचार फार वाढला. जाणाऱ्यांनी ताजी परिस्थिती पाहावी. चियापासमध्ये कोमितानच्या पुढचा सुमारे ८० किलोमीटरचा टप्पा मी स्थानिकांच्या सल्ल्याने बसने केला. सलग सायकल चालवण्याचा क्रम असा पुन्हा एकदा तुटला, आणि त्याची मला मुळीच खंत नाही.

रोजचा खरा धोका मात्र कडेची पट्टी नसलेल्या रस्त्यावरचे ट्रक आहेत. हँडलला आरसा लावावा, भडक रंगाचे जाकीट घालावे, आणि मागून व समोरून एकाच वेळी ट्रक येताना दिसले तर निमूट रस्त्याखाली उतरावे. आणीबाणीचा क्रमांक ९११ आहे. महामार्गावर मदत करणाऱ्या ‘हिरव्या देवदूतां’चा ०७८.

स्पॅनिश येणे आवश्यक आहे का?

होय, असे मी ठामपणे म्हणेन. दोनशे शब्द पुरतात, पण ते हवेत. आणि एक सूचना: तेथे भारतीय माणसाला, त्याचा धर्म कोणताही असो, ‘इंदू’ म्हणतात. त्यात वावगे काही नसते.

एकटेपणा जाणवतो का?

बाहात जाणवला, विशेषतः ख्रिसमसच्या आठवड्यात. नंतर फारसा नाही. जानेवारीच्या अखेरीस ग्वादालाहाराहून लेओनकडे जाताना रस्त्याच्या कडेने माणसांची रीघ लागली होती. २ फेब्रुवारीच्या सणासाठी सान हुआन दे लोस लागोसच्या देवीला पायी निघालेले ते यात्रेकरू होते. पाठीवर वळकट्या, पायांना चिकटपट्ट्या, काहींच्या पाठीवर देवीची तसबीर, आणि जागोजागी संत्री, चहा, घेवड्याचे सूप फुकट वाटणारे गावकरी. ज्याने आषाढात दिवे घाट पाहिला आहे त्याला तेथे काही समजावून सांगावे लागत नाही. मी त्यांच्या उलट दिशेने निघाले होते, तरी प्रत्येक थांब्यावर मला हाक मारून खायला देत होते. डिसेंबरात ग्वादालुपेच्या देवीसाठी, १२ तारखेच्या सणाला, तर सायकलवरूनही जथे निघतात.

मराठी माणसाने आवर्जून कुठे थांबावे?

मेक्सिको शहराच्या पूर्वेला, तेश्कोकोजवळच्या चापिंगो कृषी विद्यापीठात. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे, गदर चळवळीतले क्रांतिकारक, १९२४ साली मेक्सिकोत आले आणि तेव्हाच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले. त्यांनी मक्यावर संशोधन केले आणि शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा काढल्या. २०२२ साली तेथे त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेराने १९२० च्या दशकात रंगवलेले प्रार्थनागृहही त्याच आवारात आहे. शेतकऱ्याच्या हातची तोर्तिया तीन महिने खाल्ल्यावर त्या पुतळ्यासमोर उभे राहण्यासाठी मी मुद्दाम वाट वाकडी केली होती, आणि सायकल लावायला जागा दाखवणाऱ्या रखवालदाराला मी माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितले की हे आमच्याकडचे.

आजारी पडल्यास काय करावे?

औषधांच्या अनेक दुकानांना लागूनच डॉक्टरांची छोटी खोली असते आणि तेथे तपासणी अगदी कमी पैशांत होते. पोट बिघडल्यास क्षारांचे तयार पेय, ‘सुएरो’, कोणत्याही दुकानात मिळते. पुएब्लात मी चार दिवस झोपून होते. घाई केली नाही, एवढेच बरोबर केले.

सायकल बसमध्ये नेता येते का?

येते. लांब पल्ल्याच्या बसच्या पोटातल्या सामानकप्प्यात जागा असल्यास घेतात. पुढचे चाक काढावे, हँडल वळवून बांधावे, चेनवर जुने कापड गुंडाळावे म्हणजे दुसऱ्यांच्या सामानाला वंगण लागत नाही. काही चालक वेगळे पैसे मागतात, काही मागत नाहीत. तिकीट काढण्यापूर्वी खिडकीवर सायकलबद्दल विचारावे, आणि बस सुटण्याच्या तासभर आधी फलाटावर हजर राहून सायकल स्वतःच्या हाताने आत ठेवावी.